डब्यातली पूड आणि रजिस्टरचं पान

अहो,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. वेळच आली नाही. सकाळच्या एसटीनं तुम्ही किकवीहून पुण्याच्या लॅबला जायचात, संध्याकाळी परत यायचात, आणि जे काय सांगायचं ते चुलीपुढं सांगून व्हायचं. आज लिहायला बसले आहे, कारण उद्या मला सारोळ्याला जायचं आहे. तिथं एका बाईपुढं एक गोष्ट बोलायची आहे आणि ती माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून आधी तुमच्यापुढं बोलून बघते.

तुम्हाला जाऊन सात वर्षं होतील. मी बरी आहे. दोन शेळ्या आहेत, चष्मा आहे, आणि भोरच्या वाचनालयातलं एखादं पुस्तक कायम घरात असतं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला ही सवय तुम्हीच लावलीत. लॅबच्या रद्दीतली विज्ञानाची मासिकं पिशवीत घालून आणायचात आणि म्हणायचात, "वाच. नाही समजलं तर मला विचार. मला नाही समजलं तर मॅडमना विचारतो." मॅडमना किती प्रश्न पाठवले असतील मी! उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी हमखास यायचं.

लॅबमध्ये सगळे तुम्हाला मामा म्हणायचे. हुद्दा परिचराचा. झाडायचं, धुवायचं, बाटल्या लावायच्या. पण लॅबच्या प्रमुख मॅडमचं कॅन्सरचं काम सुरू झालं आणि तुमच्याकडं कवचं आली. कोकणातून खेकड्यांच्या कवचांची पोती यायची. ती निवडायची, आम्लात टाकून चुना काढायचा, कॉस्टिक सोड्यात शिजवून मांसाचा अंश काढायचा, मग आणखी कडक कॉस्टिकमध्ये शिजवायचं. शेवटी हातात पांढरा चुरा उरायचा. त्याला कायटोसन म्हणतात हे नाव मी तुमच्याकडून पाठ केलं. मग मॅडम त्याला आणखी रसायनांची जोड देऊन त्याचा स्वभाव बदलायच्या. आणि तुम्ही ते धूत बसायचात, लिटमसचा कागद रंग बदलायचा थांबेपर्यंत.

वास काय यायचा तुमच्या अंगाला! भरलेल्या एसटीतसुद्धा तुमच्या शेजारची जागा रिकामी राहायची. तुम्ही त्यातही आनंदात. "पाय पसरून येतो मी. असं भाग्य मॅनेजरला पण नाही."

एकदा तुम्ही सांगितलंत की मॅडमनी या चुऱ्याचं असं काहीतरी केलंय, की फ्रीजमध्ये ते पाण्यासारखं पातळ असतं आणि उंदराच्या अंगात टोचलं की उबेनं तिथल्या तिथं थिजतं.

मी शेळीची धार काढत होते. म्हणाले, "मग त्यात काय नवल? खरवस तसाच तर होतो."

तुम्ही माझ्याकडं बघतच राहिलात. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सांगितलंत, मॅडम पोट धरून हसल्या, आणि त्या दिवसापासून त्या जेलचं नाव खरवस पडलं. पुण्यातली शिकलेली पोरं म्हणायची, "मामा, आज खरवस किती लावला?" मला किती मोठेपणा वाटायचा त्याचा! मी तो कोणाला सांगितला नाही, पण वाटायचा.

"पण त्या खरवसानं कॅन्सर कसा बरा होणार?" मी विचारलं होतं.

तुम्ही माझ्या माहेरचं उदाहरण दिलंत. वेल्ह्याच्या डोंगरातली आमची वाडी, शेळ्या, राखणीची कुत्री. "कुत्रं परक्यावर भुंकतं. पण घरचाच माणूस शेळी सोडून न्यायला लागला तर?"

"शेपूट हलवील."

"कॅन्सर तसा घरचा आहे. आपल्याच मांसाचा. म्हणून अंगातली कुत्री गप्प बसतात. मॅडम त्यांना त्याचा वास देतायत, की हा घरचा दिसतो पण चोर आहे. नुसता वास दिला तर उडून जातो. खरवस तो आठ-आठ दिवस जागेवर धरून ठेवतो."

मासिकात मी पुढं यावर लांबलचक लेख वाचले. तुमच्या त्या चार वाक्यांपेक्षा मला त्यातून जास्त काही कळलं नाही.

मग तुमचं वजन उतरायला लागलं. आतड्याची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. तरी सुई नसेल त्या आठवड्यात तुम्ही कामावर जायचातच. आणि त्याच दिवसांत एका संध्याकाळी तुम्ही दारातूनच सांगितलंत, की उंदरांच्या गाठी लहान झाल्या. औषध न घातलेल्या नुसत्या खरवसानं! लॅबमध्ये पेढे वाटले. तुम्ही माझ्यासाठी एक पेढा कागदात बांधून आणला होता. मी तो देवापुढं ठेवला. माझं सगळं ठरलं होतं त्या क्षणी.

जवळजवळ दोन आठवडे वाट बघितली. तुम्ही त्यावर परत काही बोलेनात. मग मीच विषय काढला. आठवतं ना?

"एक बाटली आणा."

"कशाची?"

"खरवसाची. दुसऱ्या कशाची?"

"ते उंदरांचं आहे, कौसे."

"उंदरं जगवायची आणि माणूस मारायचा, असं शिकवतात का तिथं?"

"ते माणसासाठी नाही."

"कोण बघतंय? फ्रीजची किल्ली तुमच्याकडंच असते ना?"

"किल्ली माझ्याकडं आहे म्हणूनच."

एवढंच बोललात आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलात. मी नऊ दिवस तुमच्याशी बोलले नाही. ताट वाढायची आणि पुढं सरकवायची. एका आजारी माणसाशी मी असं वागले. मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा, स्वतःच्या जिवापेक्षा, नोकरीतलं नाव मोठं आहे.

मग मी माझा मार्ग काढला. माझा भाऊ वेल्ह्याहून ओल्या फडक्यात खेकडे घेऊन आला होता. रस्सा केला. कवचं मी फेकली नाहीत. उन्हात वाळवली, तव्यावर भाजली, जात्यावर दळली, जुन्या लुगड्याच्या पदरातून चाळली. रोज दोन चमचे तुमच्या नाचणीच्या आंबिलीत. तुम्हाला कळू न देता! खेकड्याचा खरवस होतो तर खेकड्याची पूड का नाही लागू पडणार? आम्ल, कॉस्टिक, धुणं, मॅडमची रसायनं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण ते सगळं का करावं लागतं, हे मी त्या वेळी मनातून बाजूला ठेवलं.

तुम्ही प्यायलात. एकदा फक्त म्हणालात, "दळण जरा बारीक कर. दाताखाली येतं." मला वाटलं नाचणीबद्दल बोलताय.

आणि तुम्हाला बरं वाटायला लागलं! तीन महिने तुम्ही हिंडलात. हायवेवर चहाला जायचात, शेळ्यांना पाला आणायचात. मी पुन्हा बोलायला लागले, आपण हसायला लागलो. शेवटी आजार उलटला आणि तुम्ही गेलात, पण ते तीन महिने मी पुडीच्या नावावर मांडले. ते केमोचे होते हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही.

तुमच्या दिवसांना आलेल्या बायकांनीच पहिल्यांदा विचारलं, "काय देत होता गं त्यांना? बरे दिसायला लागले होते." मी सांगितलं. मग आळीतली एक आली, शिवऱ्याची एक आली. लॅबवाल्या मामांच्या घरची पूड म्हटलं की लोकांचा विश्वास बसायचा. मी प्रत्येकीला सांगायचे, दवाखाना सोडू नका. पण पूड औषध नाही, असं मी कधी म्हटलं नाही. सात वर्षांत एकदाही नाही. म्हटलं असतं तर ते तीन महिने माझ्या हातून गेले असते.

आता परवाच्या रविवारची गोष्ट. मॅडम आल्या होत्या आपल्या घरी. केस सगळे पांढरे झालेत. रिटायर होतायत. कपाट आवरताना तुमच्या हातचं एक पान बाजूला काढून ठेवलं होतं, ते द्यायला मुद्दाम आल्या.

लॅबच्या रजिस्टरचं पान. तुमचं ते ठसठशीत अक्षर. मी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं:

"गुरुवारी लाईट नव्हती. डिस्टिल वॉटर संपलं होतं. या मालाची शेवटची दोन धुणी मी नळाच्या पाण्यात केली. पाणी उकळून, फडक्यानं गाळून, गार करून घेतलं होतं. मला ते स्वच्छ वाटलं. शेवटची एसटी गाठायची होती म्हणून कोणाला विचारलं नाही. उंदरांचा निकाल चांगला आला तेव्हा मला याची आठवण झाली, तरी अकरा दिवस मी गप्प बसलो. चूक माझी आहे."

खाली सही आणि तारीख. मी तारीख बघितली आणि कॅलेंडर न बघताच मला कळलं. त्या दिवशी तुम्ही हे लिहिलंत, आणि दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडं बाटली मागितली.

मॅडमनी समजावून सांगितलं. उकळल्यानं पाण्यातले जंतू मेले होते, पण त्यांची मढी पाण्यातच राहिली. ती फडक्यात अडकत नाहीत, उकळून जात नाहीत. कुत्र्याला मेलेल्या बिबट्याचा वास आला तरी ते भुंकतंच ना? तसंच झालं. उंदराच्या अंगातली कुत्री त्या मढ्यांच्या वासानं उठली होती, खरवसानं नाही. माणसाला ते टोचलं असतं तर ताप, थंडी, कदाचित त्याहून वाईट.

उकळून गाळलेलं पाणी म्हणजे चांगलं पाणी! हे तुम्हाला कोणी शिकवलं? या घरानंच. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की सासूबाई तेच करायच्या, मी तेच करते. घरी पुण्य असलेली गोष्ट तिथं चूक ठरली.

"वर्षभराचं काम मागं गेलं आमचं," मॅडम म्हणाल्या. "पोरं चिडली मामांवर. एक जण तर बोललासुद्धा, की गप्प बसला असतात तर कोणाला कळलं असतं? मामा म्हणाले, मला कळलं होतं ना."

मी पान हातात धरून बसले होते. अहो, तुमच्या अंगात गाठ होती. जगात ज्या एका बाटलीवर आपली आशा होती, ती खोटी आहे असं तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिलंत! अकरा दिवस गप्प बसलात, त्याचं मला नवल वाटत नाही. बाराव्या दिवशी बोललात, त्याचं वाटतं. मी तुमच्याबरोबर अठ्ठावीस वर्षं संसार केला. तुम्ही एवढे मोठे आहात, हे मला रविवारी कळलं.

मी विचारलं, "मग पुढं त्या खरवसाचं काय झालं?"

"नीट धुऊन पुन्हा केला. पुन्हा पुन्हा केला. गुण येतो, पण थोडा. थोडा पण खरा. माणसापर्यंत जायला अजून खूप वाट आहे. नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना हे पान वाचायला लावायचे. आता झेरॉक्स ठेवलीय, मूळ पान तुमचं."

मी चहाबरोबर मोठ्या तोऱ्यात पुडीची गोष्ट काढली. म्हटलं, ते तीन महिने माझ्या पुडीचे होते. मॅडमनी कप खाली ठेवला. मग हळूच हसल्या.

"ताई, ते महिने केमोचे होते. आणि पुडीचं मामांना माहीत होतं. लॅबमध्ये सांगायचे, माझ्यावर घरी प्रयोग चालू आहे, उंदरांसारखंच मलाही विचारलेलं नाही. मी म्हटलं, मग सांगा ना त्यांना, बंद करायला. तर म्हणाले, चुना आहे, हाडांना बरा. तिला काहीतरी करू दे की."

वर्षानुवर्षं पोत्यानं कवचं निवडलेला माणूस! पहिल्या घोटालाच ओळखलं असणार तुम्ही. दळण बारीक कर म्हणालात, ते नाचणीचं नव्हतंच.

"आणि धुण्याची चूक घरी सांगितलीत का, हेही मी विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या. "तर म्हणाले, नाही. ती माझ्यावर चिडलीय. चिडलेली आहे तोवर उभी आहे. आशा काढून घेतली तर खाली बसेल."

इथं माझं तुमच्याशी भांडण आहे. लॅबमध्ये खरं बोललात आणि घरी गप्प राहिलात. का? मी बसले असते, रडले असते, पण उठलेही असते. तुम्ही माझ्या आशेला हात लावला नाहीत. बघा ती कुठवर पोचली. सारोळ्यापर्यंत!

सारोळ्यात हायवेला पंक्चरचं दुकान आहे, तिथली नजमा. नवरा टायर काढतो, ही शेजारी चहा करते. वय पस्तिशीच्या आतलं. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सहा केमो सांगितल्या. दोन झाल्या. माझी पूड चार महिने नेते आहे. काल मंगळवारी आली, डोक्याला स्कार्फ बांधलेला.

"काकी, ह्या खेपंला जास्ती द्या पुडी."

"का गं?"

"सुया बंद केल्या म्या. उलट्या लई हुतात. अन् हे केस! आमचा सासरा म्हनतो, कुठल्या न्हाव्याकडं गेल्तीस, त्याचा पत्ता दे, मी जात न्हाई तिकडं." आणि हसली. मग म्हणाली, "मामा कसं हिंडत हुतं तुमच्या पुडीवर. म्या बघितलंय की, आमच्याकडं च्याला यायचं. मला बी तीच पुरंल. व्हय ना काकी?"

अहो, मला रविवारपासून सगळं माहीत होतं. पान फडताळात, पुडीच्या डब्याशेजारी ठेवलेलं होतं. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. आणि मी काय केलं? डबा काढला आणि दुप्पट पूड बांधून दिली. ती इतक्या आशेनं बघत होती, की मला तिच्या जागी मीच दिसले. नवऱ्याच्या एम-एटी गाडीवर मागं बसून हात हलवत गेली.

ती गेल्यावर मी ते पान पुन्हा काढलं. तुमचं एकेक वाक्य वाचलं. त्यात कुठंही लाईटवर दोष नाही, एसटीवर नाही, मॅडमवर नाही. आणि रडगाणंही नाही. काय केलं, का केलं, किती दिवस लपवलं, संपलं. मासिकांतले एवढे लेख वाचले मी, पण असं लिहिलेलं कुठं वाचलं नाही.

म्हणून आज मीही लिहून काढलं. तुमच्यासारखं जमलं का बघा:

"खेकड्याची पूड औषध नाही. माझ्या घरच्यांना केमोनं बरं वाटलं होतं, पुडीनं नाही. सात वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. त्यांचे ते तीन महिने मला माझ्या हातचे हवे होते. रविवारी खरं कळलं, तरी मंगळवारी नजमाला पूड दिली. चूक माझी आहे. कोणीही दवाखाना सोडू नये."

हे मी दाराला लावलं आहे. शिवऱ्याच्या बाईलाही निरोप धाडला आहे. आळीतली एक वाचून गेली. उद्या गावात काय बोलतील ते बोलतील. "लॅबवाल्याची बायको खोटं औषध वाटत होती" असंही म्हणतील. त्यात खोटं काय आहे?

डबा रिकामा केला. पूड कढीपत्त्याच्या बुडाशी घातली. चुना आहे, झाडाला बरा!

आता तुम्हाला शब्द देते. उद्या सकाळच्या एसटीनं मी सारोळ्याला उतरणार. आधी नजमाच्या हातातली पुडी परत घेणार, मग तिला सगळं सांगणार. ती चिडेल. चिडू दे, चिडलेली बाई उभी असते हे तुम्हीच म्हणालात. रडली तर तिच्या शेजारी बसेन. आणि तिसऱ्या सुईला तिला घेऊन जाईन, चौथीला, पाचवीला, सहावीलाही. उलटीचं भांडं मी धरीन. तुमचं धरत होतेच की. त्या वेळी जे खरं काम माझ्या हातून होत होतं, ते सोडून मी पुडीचं कौतुक करत बसले.

तिनं ऐकलं नाही तर? तर परवा पुन्हा जाईन. दुकानासमोर बसून चहा मागेन. ती मला किती दिवस चहा नाकारते बघू.

उद्या गुरुवार आहे. तुम्हाला बोलायला अकरा दिवस लागले होते. मी चार दिवसांत पोचते आहे. मॅडम नव्या पोरांना पहिल्या दिवशी वाचायला लावायच्या ते पान मला उशिरा मिळालं, पण धडा मी तुमच्या लॅबच्या पोरांपेक्षा लवकर घेतला की नाही?

एसटीत तुमची ती शेजारची रिकामी जागा मिळाली, तर पाय पसरून बसेन.

तुमची,
कौसल्या